कण्हणाऱ्या बाळाच्या नाकातील नळी : सीपॅपविषयी सातारा-सांगलीच्या पालकांसाठी

कोयनाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून साताऱ्यात राहते. माझी नात गेल्या पावसाळ्यात तिसाव्या आठवड्यात, म्हणजे दिवस भरायला दहा आठवडे बाकी असताना जन्माला आली. जन्मतः तिचे वजन १३२० ग्रॅम होते. सीपॅप, म्हणजे नाकातून सतत थोडा दाब देऊन बाळाच्या श्वासाला मदत करणारा उपचार, याविषयी आमच्या घरच्यांचा एक गैरसमज होता आणि त्यामुळे तिच्या आयुष्यातला पहिला दीड तास वाया गेला. तोच गैरसमज पुढे महिनाभर शिशुकक्षाबाहेरच्या बाकांवर बसलेल्या कितीतरी कुटुंबांत मला दिसला, म्हणून हा धागा काढत आहे.

माझी लेक पाटण तालुक्यात दिली आहे. रात्री दीडच्या सुमारास तिचे पाणी जाऊ लागले. जवळच्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी तिला एक इंजेक्शन दिले, त्याची वेळ कागदावर लिहिली आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलावून पुढे पाठवले. ते इंजेक्शन कळा थांबवण्याचे असावे, असे आम्ही धरून चाललो होतो. ते बाळाच्या फुप्फुसांसाठी होते, हे मला तीन दिवसांनी कळले. दुसरा डोस दुपारी अडीच वाजता मिळाला आणि चार वाजता बाळ झाले.

बाळ रडले, पण वीसेक मिनिटांतच प्रत्येक श्वास सोडताना बारीक आवाजात कण्हू लागले. नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांमधली कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, की बाळाला सीपॅप लावायचे आहे, या कागदावर सही करा. विहीणबाईंनी त्यातला 'मशीन' एवढाच शब्द ऐकला. त्यांच्या भावकीतील एक वयस्कर गृहस्थ व्हेंटिलेटरवर असतानाच वारले होते, त्यामुळे एकदा मशीनला लावले की माणूस परत येत नाही, हे त्यांच्या मनात पक्के बसले होते. जावई गोंधळून गेले. मी शिकलेली असूनही गप्प राहिले. आम्ही डॉक्टरांना म्हणालो, की आधी नुसता ऑक्सिजन लावून बघा. त्यांनी पुन्हा समजावले, आम्ही पुन्हा नको म्हणालो आणि बाळाच्या डोक्यावर ऑक्सिजनचा पारदर्शक डबा ठेवला गेला. दीड तासात तिचे कण्हणे वाढत गेले.

शेवटी ड्यूटीवरच्या सिस्टरांनी मला हात धरून आत नेले आणि म्हणाल्या, "आजी, हे कण्हणं नीट ऐका. बाळ घसा अर्धवट मिटून स्वतःच छातीत दाब धरून ठेवतंय. सीपॅप हेच करतं. आत्ता ती एकटी करतेय, आणि ती दमणार आहे." मी बाहेर येऊन विहीणबाईंना तेच शब्द सांगितले आणि सही झाली.

सिस्टरांचे ते वाक्य पुढे वाचन करताना मला पूर्ण उलगडले. आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याला आकसण्याची ओढ असते, त्यामुळे श्वास सोडल्यावर त्या पिशव्या मिटून चिकटायला बघतात. सरफॅक्टंट नावाचा एक स्निग्ध पदार्थ ही ओढ कमी करतो. तो साधारण चोविसाव्या आठवड्याच्या आसपास तयार होऊ लागतो आणि पुरेसा होण्यास चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. नवा फुगा फुगवताना पहिल्या फुंकरीला गाल दुखतात, मात्र थोडी हवा आधीच राहिलेला फुगा सहज फुगतो. कमी दिवसांच्या बाळाला मिनिटाला साठ-सत्तर वेळा नवाच फुगा फुगवावा लागतो. सीपॅप त्या फुग्यात थोडी हवा कायम राखून ठेवते. श्वास बाळच घेते आणि बाळच सोडते. घशातून श्वासनळीत काहीही घातलेले नसते. नाकाच्या तोंडाशी दोन छोट्या मऊ नळ्या असतात, इतकेच.

संध्याकाळी सात वाजेपर्यंत नातीचे कण्हणे थांबले होते. सुरुवातीला तिला दिल्या जाणाऱ्या हवेत ४० टक्के ऑक्सिजन लागला, दुसऱ्या दिवशी सकाळी २५ टक्के पुरला. पाचव्या दिवशी सीपॅप काढले. त्याच दिवशी घरी विहीणबाईंनी पाचवीची पूजा बाळाविना केली.

ज्यांनी शिशुकक्षात काम केले आहे किंवा ज्यांची बाळे तेथे राहिली आहेत, त्यांनी आपला अनुभव आणि माहिती येथे लिहावी, अशी विनंती आहे. माझ्या लिखाणात काही चुकले असेल तर तेही दाखवावे.

शिशुकक्ष-सिस्टर

कोयनाकाठ ताई, आपण लिहिलेले बरोबर आहे. मी सांगली जिल्ह्यात नवजात शिशुकक्षात २७ वर्षे काम करून गेल्या वर्षी निवृत्त झाले. काचेच्या अलीकडून पालकांना जे दिसते, त्याचा अर्थ सांगण्याचा प्रयत्न करते.

बाळाजवळ बुडबुडे येणारी एक बाटली असते. हवा आणि ऑक्सिजनचे मिश्रण कोमट व ओलसर करून एका नळीने नाकापर्यंत आणले जाते आणि दुसरी नळी नाकापासून निघून त्या बाटलीतील पाण्यात बुडवलेली असते. नळीचे टोक पाण्याखाली पाच सेंटिमीटर असेल तर बाळाच्या छातीत पाच सेंटिमीटर पाण्याइतका दाब राहतो. सात सेंटिमीटर दाब पाहिजे असेल तर टोक सातच्या रेषेपर्यंत खाली सरकवायचे. यात गूढ काहीच नाही. दाब किती आहे हे बाटलीवरच्या रेषेवरून आजोबांनाही वाचता येते आणि मी कितीतरी आजोबांना ते वाचायला लावलेही आहे, कारण आकडा समजला की माणसाची भीती कमी होते.

बुडबुडे थांबले म्हणजे दाब कोठेतरी निसटत आहे. अशा वेळी आम्ही प्रथम बाळाकडे पाहतो आणि मग नळीकडे. बहुतेकदा तोंड उघडे पडलेले असते, प्राँग (नाकाशी लावलेल्या त्या दोन मऊ नळ्यांची जोडी) सरकलेली असते किंवा नळीच्या खोलगट भागात पाणी साचलेले असते. उलट गोष्टही घडते आणि ती नवीन मुलींच्या लवकर लक्षात येत नाही. वाफेचे थेंब नळीतून ओघळून बाटलीतील पाणी हळूहळू वाढवतात, नळीचे टोक आपोआप अधिक खोल जाते आणि कोणीही काही न फिरवता बाळावरचा दाब वाढतो. म्हणून बाटलीची पातळी दर पाळीला नव्हे, तर दर तासाला पाहायची असते.

पोट फुगलेले दिसले की आई घाबरते. नाकातून दिलेली थोडी हवा पोटात जातेच. त्यासाठी तोंडातून पोटात एक बारीक नळी टाकून तिचे टोक उघडे ठेवलेले असते. पोट मऊ असेल आणि बाळ दूध पचवत असेल, तर काळजीचे कारण नसते. पोट कडक झाले, चमकू लागले किंवा हिरवे पाणी आले, तर मात्र डॉक्टरांना त्याच क्षणी बोलवायचे.

सीपॅप चालू असताना आईचे दूध बंद ठेवावे लागते, असा समज आहे. बहुतेक बाळांना ते नळीने थोडे थोडे सुरू करता येते. आईने पहिल्या काही तासांतच चीक काढून द्यायला सुरुवात करावी. पहिल्या वेळी चमच्याच्या तळाएवढाच निघतो आणि ती रडते, पण तेवढा त्या बाळाला भरपूर असतो.

आता मनातले सांगते. शिशुकक्षात सीपॅपची यंत्रे किती आहेत हे सगळे विचारतात, पण पहाटे तीन वाजता एका सिस्टरकडे किती बाळे आहेत हे कोणी विचारत नाही. हा उपचार यंत्राइतकाच डोळ्यांवर आणि हातांवर चालतो. प्राँग सरकली, ती दहा मिनिटे कोणाच्या लक्षात आली नाही, तर त्या दहा मिनिटांत मिटलेल्या पिशव्या पुन्हा उघडायला बाळाला अर्धा दिवस लागतो.

माणदेशी आई

सिस्टर, आपले लिखाण वाचून धीर आला आणि एक जुनी जखमही उघडली. माझा मुलगा २९ आठवड्यांचा होता. त्याचा जीव सीपॅपने वाचला, याबद्दल मला शंका नाही. पण ज्या ठिकाणी तो होता, तेथे आठव्या दिवशी मला दिसले की त्याच्या दोन नाकपुड्यांमधला पडदा काळपट झाला आहे. मी विचारले तेव्हा 'होते असे' एवढेच उत्तर मिळाले. आज तो पाच वर्षांचा आहे आणि त्याच्या नाकाच्या टोकाखाली खळगा आहे. श्वासाला अडचण नाही, परंतु शाळेत मुले विचारतात. हे टाळता आले असते का?

शिशुकक्ष-सिस्टर

ताई, बहुतेक वेळा टाळता येते. 'होते असे' हे उत्तर आपल्याला मिळायला नको होते. प्राँगचा आडवा भाग आणि नाकाचा पडदा यांच्यामध्ये दोनेक मिलिमीटर फट राहिलीच पाहिजे. प्राँग नाकपुडीत नीट भरणारी हवी, कारण लहान प्राँग हलते, घासते आणि हवाही सोडते. नळी बाळाच्या डोक्यावरच्या ज्या टोपीला बांधतात, ती टोपी सैल झाली की परिचारिका नळी नाकावर दाबून बसवते आणि जखमेची सुरुवात तेथूनच होते. म्हणून टोपी डोक्याच्या मापाची घेणे, पडद्यावर संरक्षक पट्टी लावणे, दर दोन-तीन तासांनी प्राँग काढून नाक पाहणे आणि जमेल तेथे प्राँग व छोटा मास्क आलटून पालटून वापरणे, हे सर्व करावे लागते. कातडी आधी पांढरी पडते, मग लाल होते आणि मग काळी. पांढरी असताना पाहिले तर काहीच बिघडत नाही.

आईने नाकाकडे बोट दाखवून विचारले, तर कोणत्याही सिस्टरने ते आपल्या कामावरचे बोट समजू नये. चोवीस तास बाळाकडेच पाहणारी व्यक्ती आईच असते. मुलाचे नाक एकदा प्लास्टिक सर्जनला अवश्य दाखवा. वाढीच्या कोणत्या वयात काय करता येईल, हे ते सांगतील.

जत-पालक

धागा महत्त्वाचा आहे, परंतु एक शंका मनात दोन वर्षे आहे ती विचारतो. आमची मुलगी २८ आठवड्यांची, वजन ९८० ग्रॅम. सीपॅप जन्मल्याबरोबर लावले होते. तीस तासांनी ऑक्सिजन ६० टक्क्यांवर गेला, तिला श्वास मध्येच थांबण्याचे झटके येऊ लागले आणि शेवटी घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावावाच लागला. फुप्फुसात औषधही सोडले. मुलगी आज उत्तम आहे. पण आधीच व्हेंटिलेटर लावला असता, तर ते तीस तास वाचले असते का? सीपॅप लावून आम्ही वेळ घालवला का?

मिरज-बालवैद्य

मी मिरजेत नवजात शिशूंवर उपचार करतो. आपली शंका रास्त आहे आणि हाच प्रश्न मोठ्या अभ्यासांनी विचारलेला आहे.

थोडे मागे जातो. १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले, की या बाळांच्या फुप्फुसांत सरफॅक्टंटची कमतरता असते. त्यानंतरही कित्येक वर्षे हाती उपाय नव्हता. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी, जवळजवळ २.१ किलो वजनाचा जन्मला आणि याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. एवढ्या वजनाचे, चौतीस-पस्तीस आठवड्यांचे बाळ आज जिल्ह्याच्या ठिकाणी सीपॅपवर सहसा बरे होते. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० बाळांवर सतत दाबाचा हा उपाय वापरला आणि त्यांतील १६ जगली. जपानमध्ये फुजिवारा यांनी १९८० साली बाहेरून सरफॅक्टंट देऊन दाखवला. पुढे व्हेंटिलेटर सुधारत गेले आणि अनेक ठिकाणी लहान बाळ म्हणजे घशात नळी, असा परिपाठच पडला. मात्र घशातील नळी, प्रत्येक श्वासाचा यंत्राने दिलेला धक्का आणि जास्त ऑक्सिजन यांनी कोवळ्या फुप्फुसाला इजा होते आणि ते बाळ पुढे महिनोन् महिने ऑक्सिजनवर राहू शकते, हेही दिसून आले.

२००८ मध्ये 'कॉइन' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २५ ते २८ आठवड्यांची ६१० बाळे होती. निम्म्यांना जन्मतः सीपॅप आणि निम्म्यांना घशात नळी दिली होती. सीपॅप गटातील ४६ टक्के बाळांना पहिल्या पाच दिवसांत शेवटी नळी घालावी लागली. म्हणजे आपल्या मुलीच्या बाबतीत जे घडले, ते त्या वयाच्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या बाबतीत घडते. तरीही मृत्यू किंवा फुप्फुसाचा दीर्घ आजार या दृष्टीने सीपॅपने सुरुवात केलेली बाळे मागे पडली नाहीत आणि उरलेल्या निम्म्याहून अधिक बाळांची त्या काळात नळीतून सुटका झाली. २०१० च्या 'सपोर्ट' अभ्यासात १३१६ बाळे होती आणि तेथेही सीपॅपने सुरुवात करणे हा योग्य पर्याय ठरला. म्हणून आपले तीस तास वाया गेले असे मी म्हणणार नाही.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॉइनमध्ये फुप्फुसाबाहेर हवा साठण्याचा धोका सीपॅप गटात ९ टक्के, तर दुसऱ्या गटात ३ टक्के होता. तेथे दाब आठ सेंटिमीटर ठेवला होता आणि सरफॅक्टंट लवकर दिला जात नव्हता. त्यावरून आम्ही हे शिकलो, की सीपॅप लावून स्वस्थ बसायचे नाही. सहा सेंटिमीटर दाबावरही ३० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन लागू लागला, तर सरफॅक्टंटचा विचार तेव्हाच करायचा, साठ टक्क्यांची वाट पाहायची नाही. आता बाळ सीपॅपवर स्वतः श्वास घेत असतानाच एका अतिशय बारीक नळीने सरफॅक्टंट सोडण्याची पद्धत रूढ होत आहे. नळी मिनिटा-दोन मिनिटांत काढून घेतली जाते आणि सीपॅप चालूच राहते. आपल्या मुलीला हे औषध आधी मिळाले असते तर कदाचित फरक पडला असता. परंतु तो औषधाच्या वेळेचा प्रश्न आहे, सीपॅपचा नाही.

आपण श्वास थांबण्याचे झटके लिहिले आहेत. त्यासाठी कॅफिन देतात. होय, कॉफीतील तेच कॅफिन. मेंदूतील श्वासाचे केंद्र ते जागे ठेवते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात कॅफिन मिळालेल्या बाळांमध्ये फुप्फुसाचा दीर्घ आजार ३६ टक्के, तर न मिळालेल्यांमध्ये ४७ टक्के आढळला.

कुपवाड-तंत्रज्ञ

मी रुग्णालयांतील वायुपुरवठ्याची कामे करतो, म्हणून एकच मुद्दा लिहितो. सीपॅपसाठी ऑक्सिजनइतकीच शुद्ध, दाबाखालची साधी हवा लागते आणि दोन्ही मोजून मिसळणारे मिश्रक लागते. २०२१ मध्ये ऑक्सिजनचे प्रकल्प अनेक रुग्णालयांत उभे राहिले, परंतु हवेच्या वाहिनीकडे त्या मानाने लक्ष गेले नाही. मिश्रक नसेल तर भिंतीतून येणारा जवळजवळ शंभर टक्के ऑक्सिजन थेट बाळाला जातो. वीज जाते तेव्हा हवेचा कॉम्प्रेसर आधी बंद पडतो आणि सिलिंडर चालूच राहतो, म्हणजे त्या वेळीही बाळाला निव्वळ ऑक्सिजन मिळतो. देणगीदारांना माझे सांगणे आहे, की यंत्रासाठी पैसे देताना मिश्रक, कॉम्प्रेसर आणि त्याला जोडलेला जनरेटर यांची चौकशी आधी करावी.

मिरज-बालवैद्य

आपला मुद्दा फार मोलाचा आहे. जास्त ऑक्सिजनने या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावर चुकीच्या रक्तवाहिन्या वाढतात आणि दृष्टी जाऊ शकते. म्हणून ऑक्सिजन देताना रक्तातील ऑक्सिजन दाखवणाऱ्या मापकाचा आकडा ९० ते ९५ टक्के या दरम्यान ठेवतात. शंभर दिसला की नातेवाइकांना बरे वाटते, पण बाळ ऑक्सिजनवर असताना शंभर म्हणजे आपण गरजेपेक्षा अधिक देत आहोत. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तज्ज्ञाकडून तपासलेच पाहिजेत. अगदी लहान बाळांचे त्याहून आधी. घरी सोडले, बाळ छान दूध पिते, म्हणून ही तारीख चुकवू नका. उपचाराची वेळ काही दिवसांचीच असते.

अजिंक्य-वाचक

आमच्या घरी नुकताच असा प्रसंग आला. आम्हाला 'हाय फ्लो' नावाचा प्रकार सुचवला गेला. त्याच्या नळ्या बारीक असतात आणि नाकाला त्रास कमी होतो, असे सांगितले. मग सीपॅपच कशाला? आणि दुसरे, आमच्या आजी म्हणतात की सातव्यातले बाळ जगते, आठव्यातले जगत नाही. आमचे बाळ बत्तीस आठवड्यांचे आहे. त्यामुळे घरात वातावरण फार जड झाले आहे.

कोयनाकाठ

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण तो आमच्या घरातही आला होता. ही समजूत आपल्या भागात फार जुनी आहे. पोटातला प्रत्येक आठवडा फुप्फुसाला बळ देतो, म्हणून आठव्या महिन्यातील बाळाची शक्यता सातव्यातील बाळापेक्षा नेहमीच जास्त असते. आपल्या आजींना शिशुकक्षात नेऊन बत्तीस आठवड्यांचे बाळ अवश्य दाखवा. माझ्या विहीणबाईंचे मन बाळाला पाहूनच बदलले.

मिरज-बालवैद्य

पहिल्या प्रश्नाबाबत. हाय फ्लोमध्ये कोमट, ओलसर हवा अधिक वेगाने दिली जाते. आयांना आणि सिस्टरांना ते सोयीचे वाटते आणि नाकाच्या जखमाही कमी होतात. मात्र त्यात छातीतील दाब नेमका किती आहे, हे मोजता येत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात श्वासाच्या त्रासाची ५६४ बाळे होती. पहिला उपचार म्हणून हाय फ्लो दिलेल्या बाळांपैकी २५.५ टक्क्यांना तो पुरला नाही, सीपॅपवर हे प्रमाण १३.३ टक्के होते. हाय फ्लो न पुरलेल्या बाळांना सीपॅपवर घेता आले, त्यामुळे घशात नळी घालण्याचे प्रमाण दोन्ही गटांत फारसे वेगळे राहिले नाही. म्हणून मी स्वतः त्रासाच्या पहिल्या दिवसांत सीपॅप वापरतो आणि बाळ सुधारल्यावर हाय फ्लोकडे वळतो. ज्या ठिकाणी न पुरल्यास लगेच सीपॅप लावता येत नाही, तेथे हाय फ्लोने सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खटाव-आशा

मी खटाव तालुक्यात आशा म्हणून काम करते. डॉक्टर सर, कोयनाकाठ ताईंच्या लेकीला जे इंजेक्शन दिले, त्याविषयी सविस्तर लिहावे. आमच्याकडे पुष्कळदा गाडी येईपर्यंतचा वेळ नुसताच जातो. ऊसतोडीच्या टोळ्यांतील बायकांचा तर महिना नक्की कितवा, हेही कळत नाही, कारण त्यांचे कार्ड मूळ गावी राहिलेले असते.

मिरज-बालवैद्य

आपण विचारलेत हे फार बरे झाले, कारण सीपॅपला यश यायचे असेल तर त्याची निम्मी तयारी जन्माच्या आधी होते. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवले, की आईला स्टेरॉइड दिले तर बाळाच्या फुप्फुसात सरफॅक्टंट लवकर तयार होतो. आपल्या शासनाच्या २०१४ च्या सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांत प्रसूतीची चिन्हे दिसली तर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ६ मिलिग्रॅम स्नायूत, दर १२ तासांनी, एकूण चार वेळा देतात. पुढे पाठवण्यापूर्वी पहिला डोस एएनएम (परिचारिका) ताईही देऊ शकतात. चारही डोस पूर्ण होणार नाहीत असे वाटले तरी पहिला द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अभ्यासात बेळगावसह पाच देशांतील २८५२ माता होत्या. डेक्सामेथासोन मिळालेल्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के, तर न मिळालेल्या गटात २३.५ टक्के होते. सोनोग्राफीचा एखादा जुना कागद ऊसतोड भगिनीने पिशवीत जवळ बाळगला, तरी महिना ठरवायला मोठी मदत होते. हे टोळीच्या मुकादमालाही सांगून ठेवावे.

शक्य असेल तर बाळ जेथे सांभाळले जाणार आहे, तेथेच आईची प्रसूती व्हावी. जन्मल्यावर गाडीत घालून नेलेले बाळ गारठते आणि गारठलेल्या बाळाचा श्वास अधिक बिघडतो. नेणे भागच असेल तर आईच्या किंवा घरातील कोणाच्याही उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून, वरून पांघरून न्यावे.

शिशुकक्ष-सिस्टर

छातीशी धरण्याविषयी एक भर घालते. पूर्वी आम्ही सीपॅप निघेपर्यंत आईला बाळ देत नव्हतो. २०२१ च्या मोठ्या अभ्यासात १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. सीपॅपच्या नळ्यांसह बाळ आईला देता येते. नळी टोपीला नीट बांधायची आणि मान मागे-पुढे वाकू द्यायची नाही. पहिल्यांदा नळ्यांसकट बाळ छातीवर ठेवले, की आई श्वास रोखून बसते आणि बाळाचा आकडा मात्र दहा मिनिटांत स्थिरावतो. हे मी शेवटच्या वर्षांत रोज पाहिले.

खटाव-आशा

खर्चाच्या भीतीने बाळ घरी नेणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, म्हणून लिहिते. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे आणि ने-आण विनामूल्य आहे आणि पुढे ही सोय एक वर्षाच्या वयापर्यंत वाढवली आहे. बाळ घरी आल्यावर आम्ही भेटी देतो. तेव्हा श्वास मिनिटाला साठाच्या वर गेला, छाती आत ओढली गेली, बाळ कण्हू लागले किंवा दूध सोडले, तर आमची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

जत-पालक

डॉक्टर सर, आपल्या उत्तराने मोठे ओझे उतरले. घरी पत्नीला वाचून दाखवले. ती काही बोलली नाही, पण तिने ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पुढील महिन्यात पाटणकडील आशा ताईंच्या बैठकीत बोलण्यासाठी मला बोलावले आहे. तेथे मी या धाग्यातील कण्हण्याचा, इंजेक्शनचा आणि डोळ्यांच्या तारखेचा भाग वाचून दाखवणार आहे. सिस्टर, आपण त्या बुडबुड्यांच्या बाटलीचे एक मोठे चित्र काढून द्याल का? शब्दांनी समजावताना मी कमी पडते आणि मला ते चित्र विहीणबाईंच्या हातात द्यायचे आहे. बैठकीला त्याही येणार आहेत.

शिशुकक्ष-सिस्टर

अवश्य काढून देते. बाटलीवरच्या रेषा आणि पाण्याखाली पाचवर असलेले नळीचे टोक ठळक दाखवीन. शेजारी बाळाचे नाक मोठे काढून मधली फट लाल शाईने रंगवीन. रविवारपर्यंत साताऱ्याच्या एसटीने पाठवते.